प्लॉटची माहिती कोणाची? सेन्सर, शेतकरी आयडी आणि कायदा

बागवान_निफाड

राम राम मंडळी. विषय कोरडा आहे, पण इथे वकील आहेत, कॉम्प्युटरवाले आहेत, महसूलवालेही आहेत, म्हणून धागा काढतोय.

माझी अडीच एकर थॉमसन द्राक्षं. काही हंगामांपूर्वी बागेत एका कंपनीचं यंत्र बसवलं. कंपनीचं नाव घेत नाही, कृपया विचारूही नका. खांबावर सौरपट्टी, पानाचा ओलावा मोजणारी पट्टी, जमिनीत दोन खोलींवर ओलाव्याचे सेन्सर, आणि अ‍ॅपवर डावणी-भुरी या बुरशीच्या रोगांचा इशारा. यंत्र चांगलं होतं हे आधीच सांगतो. दोन-तीन फवारण्या वाचायच्या.

यंदा वर्गणी वाढवली, मी भरली नाही. अ‍ॅप उघडलं तर कोरं. इशारे बंद होणार हे कबूल. पण मागच्या नोंदी? कोणत्या आठवड्यात पान किती तास ओलं राहिलं, कोणत्या रात्री पारा किती उतरला, पाणी कधी सोडलं, कोणती फवारणी कधी घेतली. यातलं निम्मं तर मीच बांधावर उभं राहून बोटाने टाकलेलं. फोन केला. पलीकडचा पोरगा नम्र होता: "सर, जुना डेटा प्रीमियम प्लॅनमध्ये आहे."

दुसरी गोष्ट. ऑक्टोबर छाटणीची तारीख अ‍ॅपमध्ये टाकली आणि थोड्याच दिवसांत एका औषधवाल्या प्रतिनिधीचा फोन: "दादा, प्लॉट पोंगा अवस्थेत (कोंब फुटण्याच्या) आला असेल ना?" याला माझी तारीख कोणी सांगितली? दुकानदाराने, शेजाऱ्याने की अ‍ॅपने? सिद्ध काहीच होत नाही. पण उद्या गोडी किती भरली, माल कधी उतरणार हे व्यापाऱ्याला माझ्याआधी कळलं तर? पाऊस तोंडावर आहे आणि माल झाडावर आहे हे ज्याला ठाऊक, तो बांधावर येऊन भाव पाडूनच मागणार.

अटी भाच्याकडून वाचून घेतल्या. सगळ्या इंग्रजीत. शेतातून गोळा झालेल्या माहितीवर कंपनीला कायमचा, रद्द न होणारा, विनामोबदला परवाना. 'अनामिक' करून कोणालाही देता येईल. वाद झाला तर बंगळुरूला लवाद.

आता आमची शेतकरी उत्पादक कंपनी सभासदांसाठी अशीच यंत्रं घाऊक घेणार आहे. कराराचा मसुदा टेबलावर आहे. माझ्या प्लॉटची माहिती माझी आहे की नाही, आणि करारात काय मागावं?

रिकामटेकडा

चांगला धागा. वाचतोय.

सडेतोड_बीड

माफ करा, पण हे बागायतदारांचे चोचले आहेत. आमच्याकडे रात्रीची वीज येते आणि कापसाला भाव नाही. सोयाबीन हमीभाव केंद्रावर न्यायचं तर ओलावा जास्त म्हणून परत पाठवतात. तो ओलावा मोजणारं यंत्र त्यांचं, आकडा त्यांचा, आणि आपण मुकाट्याने ट्रॅक्टर वळवायचा. डेटा डेटा काय करता.

बागवान_निफाड

भाऊ, तुम्ही माझाच मुद्दा माझ्यापेक्षा बरा मांडलात.

काळा_कोट

मी वकिली करते, संभाजीनगरला. फी नाही, म्हणून हा सल्लाही समजू नका.

आधी मालकीचं. भारतात माहितीची मालकी देणारा कायदाच नाही. कॉपीराइट म्हणाल तर डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नुसत्या कष्टाने गोळा केलेल्या मजकुराला कॉपीराइट मिळत नाही, थोडी तरी सर्जनशीलता लागते. रात्री दोनला पान ओलं होतं, यात सर्जनशीलता कोणाची? तुमचीही नाही आणि कंपनीचीही नाही. युरोपात माहितीसाठ्यांसाठी १९९६ पासून वेगळा हक्क आहे, आपल्याकडे तोही नाही. म्हणजे हा आकडा कायद्याच्या नजरेत बेवारस. ज्याच्या सर्व्हरवर पडला त्याच्या ताब्यात, आणि पुढचं सगळं करारावर.

मग सगळे ज्याचं नाव घेतात तो डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३. राष्ट्रपतींची मंजुरी ऑगस्ट २०२३ ची, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून. त्यात बरंच चांगलं आहे. संमती मोकळी, नेमकी आणि माहितीपूर्ण हवी. सूचना घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळण्याची सोय हवी, म्हणजे मराठीत मागता येईल. आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा, पुसण्याचा हक्क आहे. सुरक्षेत कसूर केली तर २५० कोटींपर्यंत दंड आहे. पण तो दंड जमा होतो भारताच्या संचित निधीत, तुमच्या हातात छदाम नाही. नुकसानभरपाईसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ४३अ होतं. ते अजून आहे, पण नव्या कायद्याची मुख्य कलमं लागू होतील तेव्हा तेही जाईल.

खरी अडचण वेगळीच आहे. हा कायदा माणसाला जपतो, शेताला नाही. तुमचं नाव, मोबाइल, आधार हे त्याच्या कक्षेत. गटातला ओलावा, छाटणीची तारीख, गोडी ही तुमच्या नावाशी जोडलेली आहे तोवर कक्षेत, नाव खोडलं की बाहेर. तुमच्या करारात 'अनामिक' हा शब्द उगाच नाही आलेला. अवैयक्तिक माहितीसाठी केंद्राने क्रिस गोपालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, २०२० मध्ये अहवाल आला, कायदा काही झाला नाही. आणि एका कंपनीकडची माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क २०१९ च्या विधेयकात होता, २०२३ च्या कायद्यातून गळला. तुमचं 'अ‍ॅप कोरं' हे दुखणं नेमकं त्या गळलेल्या हक्काचं आहे.

पुणेरी_कोडर

दोन वर्षं अशाच एका शेती-तंत्रज्ञान कंपनीत काम केलंय. 'अनामिक' कसं करतात ते सांगतो: नाव आणि मोबाइलचा रकाना काढून टाकतात. अक्षांश-रेखांश मात्र तसेच राहतात, कारण त्याशिवाय हवामानाचं गणितच बसत नाही. आता अक्षांश-रेखांशावरून गट क्रमांक आणि गट क्रमांकावरून सातबारा काढायला किती वेळ लागतो, हे इथे कोणाला सांगायला नको.

समजा ठिकाण ढोबळ केलं, फक्त गाव ठेवलं. तरी गावात काळ्या जंबो द्राक्षांची बाग एकाचीच असेल तर पिकाचं नावच त्याचं नाव. छोट्या गावात अनामिकपणा फार काळ टिकत नाही.

तलाठी_आप्पा

(आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गाव तलाठीच म्हणतं.)

सातबारा पहिल्यापासून सर्वांसाठी खुला आहे. पूर्वी चावडीत येऊन बघायचे, आता महाभूलेखवर घरबसल्या. नावं, क्षेत्र, बोजा, पीक सगळं त्यात आलं. ते लपवायला लागलो तर जमिनीच्या व्यवहारांत फसवणुकीला रान मोकळं. सगळाच डेटा गुप्त हवा असं म्हणू नका.

काळा_कोट

आप्पांशी सहमत, आणि त्यात एक कायदेशीर मेख आहे. जी वैयक्तिक माहिती कायद्याने बंधनकारक म्हणून जाहीर केली जाते, तिला २०२३ चा कायदा लागूच होत नाही, कलम ३ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे सातबाऱ्यावरचं जाहीर नाव उचलून कोणी यादी केली तर या कायद्याखाली तक्रार अवघड. कोडर म्हणतात त्या साखळीचा शेवटचा दुवा असा कायद्यानेच मोकळा सोडलाय.

सडेतोड_बीड

बरं, खासगी कंपनीचं झालं. सरकारचं काय? शेतकरी आयडी काढताना माझ्या समोर केंद्रावरच्या पोराने संमतीच्या चौकटीत स्वतःच टिचकी मारली, माझ्याकडून फक्त ओटीपी घेतला. काय लिहिलं होतं विचारलं तर म्हणे, "काका, मागे लाइन आहे."

पुणेरी_कोडर

थोडी पार्श्वभूमी, सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. अ‍ॅग्रिस्टॅकची, म्हणजे शेतकऱ्यांच्या एकत्र सरकारी माहितीसाठ्याची, चर्चा २०२१ पासूनची. त्या एप्रिलमध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने मायक्रोसॉफ्टशी ६ राज्यांतल्या १०० गावांसाठी सामंजस्य करार केला, आणि ५५ संघटनांनी आक्षेपाचं पत्र लिहिलं. त्यांचा मुद्दा सरळ होता: माहिती-संरक्षणाचा कायदा नाही, शेतकऱ्याला विचारलेलं नाही, आणि ज्यांच्याकडे जमीन नाही ते यात कुठे बसतात?

त्यानंतर २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने २,८१७ कोटींचं डिजिटल कृषी अभियान मंजूर केलं. त्यात तीन नोंदवह्या: शेतकऱ्यांची, अक्षांश-रेखांश जोडलेल्या गावनकाशांची आणि पेरलेल्या पिकांची. ११ कोटी शेतकऱ्यांना आयडी देण्याचं लक्ष्य. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी आयडी सक्तीचा झाला.

एकत्र साठा झाला की एका भोकातून सगळं गळतं. जून २०२२ मध्ये पीएम-किसानच्या संकेतस्थळाच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक उघडे पडत असल्याचं एका सुरक्षा-संशोधकाने दाखवलं होतं. भोक बुजवलं गेलं. त्याआधी कोणी काय उतरवून घेतलं ते कोण सांगणार?

तलाठी_आप्पा

दुसरी बाजूही ऐका. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात जमिनी खरडून गेल्या. एरवी मदतीसाठी याद्या, मग ई-केवायसी, मग अंगठा उठत नाही म्हणून परत हेलपाटे. या वेळी ज्यांची माहिती अ‍ॅग्रिस्टॅकमध्ये होती त्यांना ई-केवायसीची अट शिथिल झाली. आयडी नसलेला माणूस मात्र माझ्या दारात उभा. पीकविम्यातही एक रुपयात विमा होता तेव्हा दुसऱ्याच्या गटावर, देवस्थानाच्या जमिनीवर, सरकारी पडीकवर विमे निघाले होते. आता आयडी आणि ई-पीक पाहणी दोन्ही लागतात, त्या चोऱ्यांना आळा बसला.

संमतीचं म्हणाल तर खरंय, कोणी वाचत नाही. पण वाचून "नाही" म्हणालात तर योजना मिळणार आहे का?

काळा_कोट

आप्पा, शेवटच्या ओळीत तुम्ही सगळं सांगून टाकलंत.

कायद्याने ती संमती तशी शोभेचीच आहे. २०२३ च्या कायद्याच्या कलम ७ नुसार अनुदान, लाभ, दाखला, परवाना देण्यासाठी सरकारला, तुम्ही पूर्वी एकदा संमती दिली असेल किंवा माहिती अधिसूचित सरकारी नोंदवहीत असेल तर, दर वेळी नव्याने विचारावं लागत नाही. वर कलम १७ खाली केंद्र ठरावीक सरकारी यंत्रणांना कायद्यातून सूटही देऊ शकतं.

तरी सरकारसमोर आपण अगदी निहत्थे नाही. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी गोपनीयता हा मूलभूत हक्क मानला: कायदा हवा, वैध हेतू हवा, आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. सरकार त्या कसोटीला बांधील आहे, तिथे रिट होते. खासगी कंपनीला हे तसंच लागू पडत नाही. म्हणून मी सरकारच्या साठ्यापेक्षा तो साठा खासगी हातात जाण्याच्या दाराकडे जास्त लक्ष ठेवते. राज्याचं २०२५-२०२९ चं महाअ‍ॅग्री-एआय धोरण आलंय, त्यात शेतीमाहितीच्या देवाणघेवाणीची यंत्रणा आहे. तेलंगणाने असं व्यासपीठ २०२३ मध्येच सुरू केलं. यंत्रणा असायला हरकत नाही. तिथून माहिती घेणाऱ्यावर कोणत्या अटी, आणि अट मोडली तर शेतकऱ्याने दाद कुठे मागायची, हे शासन निर्णयात लिहिलेलं असायला हवं.

वऱ्हाडची_लेक

यवतमाळात महिला शेतकऱ्यांसोबत काम करते. इथवरच्या चर्चेत 'शेतकरी' म्हणजे सातबारावाला असं गृहीत धरलंय, म्हणून लिहिते.

आमच्या गटातली एक बाई पाच एकर बटईने करते. पेरणी तिची, निंदण तिचं, वेचणी तिची, कर्जही तिनेच बचत गटातून काढलेलं. मालक अमरावतीला. आयडी मालकाचा, कारण सातबारा मालकाचा. मदत आली तर मालकाच्या खात्यात. तो भला माणूस असला तर अर्धी देईल.

पीक पाहणीत कसणाऱ्याचं नाव लावता येतं ना, असं कोणी म्हणेल. आप्पा सांगतील, त्यासाठी गाव नमुना १४ (मालकाऐवजी दुसरा कोणी जमीन कसतो याची नोंद) आणि तहसीलदारांकडची चौकशी आहे. पण नाव लावू द्यायला मालक तयार होत नाही, कारण १९५८ च्या विदर्भ कुळकायद्याची धास्ती तिसऱ्या पिढीतही गेलेली नाही. कागदावर नाव आलं की उद्या कूळ म्हणून उभी राहील, ही भीती. म्हणून बोली तोंडी, दरवर्षी माणूस बदलायचा. आणि आता मोबाइलवरून गटात उभं राहून फोटो काढायचा तर तोही तीच काढते, मालकाच्या नावाने, मालकाचा ओटीपी फोनवर विचारून.

तुमचा प्रश्न माहिती आपल्या हातून जाते हा आहे. तिचा प्रश्न माहितीत ती नाहीच हा आहे. वनपट्टेवाल्यांचं, नवऱ्याच्या मागे सासऱ्याच्या नावावरची जमीन करणाऱ्या बायकांचं तेच. लक्ष्मीमुक्तीत नवऱ्याने हयातीत बायकोचं नाव लावून घेतलं असेल तर ठीक, नाहीतर वारसनोंद होईस्तोवर ती बाई कोणत्याच नोंदवहीत शेतकरी नाही.

तलाठी_आप्पा

ताई, खरं आहे. नमुना १४ माझ्याकडे क्वचितच येतो.

खोडवा_निडवा

शिरोळहून. आमच्याकडं ऊस, म्हणून वेगळंच रडगाणं.

कारखान्याचा शेतकी विभाग लागणीची नोंद घेतो, प्लॉटभोवती फिरून जीपीएस मारतो, जात, तारीख, क्षेत्र सगळं लिहून नेतो. आता उपग्रहावरून ऊस पक्व झाला का तेबी बघत्यात. बारामतीत कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा उसाचा प्रयोग गाजला, तिथलं पीक बघून आलेली आमची पोरं खूश आहेत, मीबी नावं ठेवत नाही.

पण मला सांगा, कोणाचा ऊस कधी पक्व होणार हे कारखान्याला कळतंय, तर तोडणीचा क्रम त्याप्रमाणं का लागत नाही? टोळी आधी कोणाच्या फडात जाते हे सगळ्यास्नी ठाऊक हाय. एफआरपी (उसाचा किमान दर) ठरते कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर, म्हंजे उसातून किती टक्के साखर निघाली त्यावर, २०२५-२६ ला १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये. माझ्या प्लॉटचा उतारा मला कधीच कळत नाही. काट्यावरचं वजन त्यांच्या पडद्यावर. माझी सगळी माहिती त्यांच्याकडं, त्यांची कोणतीच माझ्याकडं नाही. मला माझी माहिती लपवायची न्हाई, मला त्यांची बघायची हाय.

सडेतोड_बीड

टाळ्या.

काळा_कोट

खोडवा यांच्या मागणीला जोडून एक वाईट बातमी. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वी जनहित असेल तर वैयक्तिक माहितीही देता यायची, तसं त्याच पोटकलमात होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये २०२३ च्या कायद्याची जी कलमं लगेच लागू झाली त्यात हा बदलही आहे: 'वैयक्तिक माहिती' म्हटलं की नकार. आप्पांनी सांगितलेले बोगस विमे शोधायला लाभार्थ्यांच्या याद्याच लागतात, उद्या त्या याच कारणाने नाकारल्या जातील. कलम ८(२) मधला जनहिताचा मुद्दा अजून शाबूत आहे, अर्जात तो आवर्जून लिहा.

शेतकऱ्याला हवे ते हक्क दीड वर्ष लांब ठेवले, अधिकाऱ्याला हवा तो नकार पहिल्या दिवशी दिला. हा क्रम ज्याने लावला त्याला दाद द्यायला हवी.

वाखेनिंगनकर

नेदरलँड्समधून. इथे कृषी विद्यापीठात आहे, मूळ गाव सांगोला.

युरोपचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालाय. तो माणसाच्या नावाभोवती फिरत नाही, यंत्राभोवती फिरतो. इंटरनेटला जोडलेलं कोणतंही यंत्र, ट्रॅक्टर असो की गोठ्यातला दूध काढणारा रोबो, ते वापरताना तयार झालेली माहिती वापरणाऱ्याला मिळालीच पाहिजे, आणि त्याने सांगितलं तर दुसऱ्या कंपनीलाही द्यावी लागते. वापरणारा शेतकरी असो वा संस्था, फरक नाही. शिवाय एका बाजूने लादलेली अन्यायकारक अट दुसऱ्या व्यावसायिकावर बंधनकारक ठरत नाही. बागवान, तुमची केस इथे असती तर 'प्रीमियम प्लॅन' हे उत्तर चाललं नसतं.

कायद्याआधी इथे करारावरच भर होता. २०१८ मध्ये युरोपातल्या शेतकरी संघटना आणि यंत्र-बियाणं-खत उद्योगांनी मिळून शेतीमाहितीच्या करारांसाठी आचारसंहिता केली. ती ऐच्छिक होती, पण करार करताना बोट ठेवायला कागद मिळाला. इथे जॉइनडेटा नावाची सहकारी संस्थाही आहे: कोणत्या सल्लागाराला, बँकेला, डेअरीला कोणती माहिती द्यायची याची परवानगी शेतकरी तिथे देतो आणि काढूनही घेतो. सहकाराचं महाराष्ट्राला काय सांगायचं! दूध संघ, कारखाने उभे केले, माहितीचा संघ का नाही?

खोडवा_निडवा

संघ काढू हो. चेअरमन कोण, ते आधी ठरवा.

पुणेरी_कोडर

😀

कराराकडे येतो, बागवान यांनी तेच विचारलंय. तांत्रिक बाजूने मी मागेन ते असं. सेन्सरचे कच्चे आकडे वेगळे, त्यावरून काढलेला सल्ला वेगळा. सल्ला त्यांची मेहनत आहे, त्यावर भांडू नका. कच्चे आकडे आणि तुम्ही स्वतः टाकलेल्या नोंदी मात्र तुम्हाला साध्या एक्सेलमध्ये उघडेल अशा फाइलमध्ये, वर्गणी चालू असो वा नसो, मिळाल्या पाहिजेत. पीडीएफ नको, पीडीएफ म्हणजे देऊन न दिल्यासारखं.

दुसरं, पुसण्याबद्दल भाबडी अट घालू नका. तुमच्या आकड्यांवर एकदा त्यांचं मॉडेल शिकलं की दुधात विरघळलेली साखर परत काढून मागण्यासारखं होतं ते. म्हणून 'पुसा' म्हणण्याआधी 'कशासाठी वापराल' हे बांधून घ्या. रोगाचा अंदाज सुधारायला वापरा, हरकत नाही. काढणीची तारीख, गोडी, अंदाजे टनेज हे व्यापारी, निर्यातदार, औषध किंवा विमा कंपनीला त्या हंगामात द्यायचं नाही. हंगाम संपल्यावर त्या माहितीची धार जाते, मग घेऊ दे संशोधनाला.

बागवान_निफाड

हा हंगामाचा मुद्दा डोक्यातच नव्हता. कोडर, हे सोन्यासारखं सांगितलंत.

एक शंका. निर्यातीच्या बागांची माहिती आम्ही ग्रेपनेटला, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी नोंदणी यंत्रणेला, कितीतरी वर्षं देतोय. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात माल अडकला तेव्हा कोणत्या बागेत काय फवारलं याची नोंद असणं किती मोलाचं, हे नाशिकने अनुभवलंय. तिथे कोणी माहिती लपवा म्हणालं नाही, कारण नोंदीमुळे दार उघडत होतं. कंपनी उद्या म्हणेल, मग आम्हाला द्यायला काय झालं?

काळा_कोट

फरक हेतूचा. ग्रेपनेटला अंश तपासणीसाठी दिलं, ते तुमच्या भावात काटछाट करायला वापरलं जात नाही. कंपनीच्या करारात हेतूच लिहिलेला नाही.

कायदेशीर बाजूने माझी भर. वादाचं ठिकाण: सभासद शेतकरी हा ग्राहक आहे. २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बियाणं घेणाऱ्या शेतकऱ्याला ग्राहक मानलंय. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तो राहत्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो, आणि लवादाचं कलम असलं म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, एम्मार एमजीएफ प्रकरणात २०१८ ला हे ठरलंय. म्हणजे बागवान, तुमचं जुनं प्रकरण नाशिकला सेवेतील त्रुटी म्हणून लढता येईल. 'करारच अनुचित आहे' असं म्हणायचं असेल तर मात्र जिल्हा आयोग नाही, राज्य आयोग.

आता गंमत बघा. तुमची उत्पादक कंपनी हाच करार स्वतःच्या नावाने करील तेव्हा ती सहजासहजी ग्राहक ठरणार नाही, व्यावसायिक हेतू आडवा येईल. आणि २०२३ च्या कायद्यातले हक्कही व्यक्तीला आहेत, कंपनीला नाहीत. एकटा सभासद कायद्यात बलवान पण वाटाघाटीत दुबळा, उत्पादक कंपनी नेमकी उलट. म्हणून करार त्रिपक्षी करा. यंत्रांचा भाव आणि अटी उत्पादक कंपनी ठरवील, पण माहिती देणारा पक्ष म्हणून प्रत्येक सभासदाची वेगळी मराठी संमती, आणि ती तो स्वतंत्रपणे काढून घेऊ शकेल. नाहीतर उद्या संचालक मंडळच सगळ्यांच्या वतीने माहिती विकून मोकळं होईल.

सडेतोड_बीड

शेवटचं वाक्य जाड अक्षरात लिहा. आपलेच लोक कधीकधी परक्यांपेक्षा स्वस्तात विकतात.

वऱ्हाडची_लेक

त्या संमतीपत्रावर सातबारावाल्याची सही आणि प्लॉट प्रत्यक्ष करणाऱ्याची सही अशा दोन जागा ठेवा. तुमच्याकडे द्राक्षात वाटेकरी आहेतच.

बागवान_निफाड

अपडेट. काल संचालकांची बैठक झाली. इथलं सगळं छापून नेलं होतं (टोपणनावं खोडून).

तीन गोष्टी कंपनीला पाठवल्या. एक, कच्च्या नोंदी वर्गणी संपल्यावरही साध्या फाइलमध्ये. दोन, वाद नाशिकला आणि करार मराठीत. तीन, छाटणीची तारीख, गोडी आणि काढणीचा अंदाज चालू हंगामात तिसऱ्याला द्यायचा नाही, दिला तर ठरलेली रक्कम भरायची. पहिली मान्य, पण वर्गणी संपल्यावर ९० दिवसांच्या आत मागितली तरच. दुसरी निम्मी मान्य: मराठी प्रत देतील, पण अर्थावरून वाद झाला तर इंग्रजी प्रत खरी धरायची. तिसरीवर उत्तर आलं, की 'असं कलम आम्ही कोणत्याच ग्राहकाला देत नाही.'

दोन सह्यांची सूचना मी मांडली, ती बैठकीतच अडली. एक संचालक म्हणाले, वाटेकऱ्याची सही कागदावर नको. ताई, तुम्ही म्हणालात तेच कारण.

काळा_कोट

९० दिवस चालेल, पण तो काळ 'वर्गणी संपल्याची लेखी सूचना मिळाल्यापासून' मोजायचा असं लिहून घ्या. मराठी-इंग्रजीचं सोडू नका. संमतीपत्रापुरती तरी मराठी प्रतच खरी, एवढं मान्य करून घ्या, सही शेतकरी त्यावरच करणार आहे.

तिसऱ्या मागणीला नकार आला याचा अर्थ ती माहिती कुठेतरी जाते किंवा जायची आहे. रक्कम सोडा, मनाई ठेवा. त्याऐवजी कोणाकोणाला माहिती दिली याची यादी दर हंगामाला मागा.

पुणेरी_कोडर

आणि तेवढंही देत नसतील तर छाटणीची तारीख अ‍ॅपमध्ये टाकूच नका. पानाच्या ओलाव्यावरून डावणीचा इशारा तिच्याशिवायही येतो, थोडा ढोबळ येईल इतकंच. गोडी वहीत लिहा.

बागवान_निफाड

त्यांचा माणूस सोमवारी येतोय. कोट ताई, ती यादीची अट दोन ओळींत लिहून द्याल का, मराठीत? तशीच्या तशी मसुद्यात घालतो.

काळा_कोट

घ्या: "कंपनीने या करारान्वये गोळा केलेली कोणतीही प्लॉटनिहाय माहिती, अनामिक केलेली असो वा नसो, ज्या ज्या व्यक्तीस अथवा संस्थेस दिली असेल, त्यांची नावे, दिलेल्या माहितीचा प्रकार व हेतू यांची यादी प्रत्येक हंगाम संपल्यापासून ३० दिवसांच्या आत सभासदास लेखी कळवावी. अशी यादी न दिल्यास सभासदास उर्वरित वर्गणी परत मागून करार संपवता येईल, व त्याच्या सर्व कच्च्या नोंदी त्यास विनाशुल्क द्याव्या लागतील."

'अनामिक केलेली असो वा नसो' हे पाच शब्द काढायला सांगतील. काढू नका.